पगाराच्या कागदावरचं अक्षर

पगार थोडा जास्त आला होता. कमी आला असता तर त्याला एवढं काही वाटलं नसतं, कारण कमी येण्याची कारणं त्याला तोंडपाठ होती. एखादी रजा बिनपगारी धरली असेल, पेन्शनची वर्गणी वाढली असेल, युनियननं कुणाच्या तरी निरोपसमारंभासाठी काही कापलं असेल. पण न मागता जास्त? विमा कंपनीच्या इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटरखोलीत, तेलाच्या वासात उभं राहून त्यानं पाकीट फाडलं होतं आणि कागद उजेडाच्या दिशेला धरला होता. मूळ पगार तोच. जादा कामाचे तास तेच. पेन्शन, विमा, युनियन, सगळं जिथल्या तिथे. फक्त करकपातीच्या ओळीतला आकडा आक्रसला होता. आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे त्याचा करकोड छापलेला असायचा, तिथे काहीतरी वेगळं दिसत होतं. ते काय हे कळायला त्याला गेल्या महिन्याचा कागद आठवावा लागला. आकडा बदलला होता, आणि आकड्याच्या शेपटाला वर्षानुवर्षं जो ‘ल’ असायचा तिथे आता ‘म’ होता.

“काय रे, वाढला का?” वायरनं विचारलं. वायर म्हणजे त्याचा कामातला जोडीदार. उंच, सडपातळ, आणि एकदा बोलायला लागला की करंट बंद होत नाही, म्हणून वायर. 

“वाढला नाही. कमी कापलाय.”

“मग तोंड असं का? पाकीट मारल्यासारखं?”

“का कमी कापला?”

“तू ना,” वायर दोराला ग्रीस लावत म्हणाला, “देव भेटला तरी त्याचं ओळखपत्र मागशील.”

त्यावर तो हसला, पण कागद त्यानं खिशात नीट घडी घालून ठेवला. त्याच्या धंद्याचा पहिला धडाच तो होता. चालतेय म्हणून लिफ्ट ठीक आहे असं मानायचं नाही. दोर तुटायच्या आधी कधी सांगत नाही. पण त्याच्यातली एक बारीकशी तार आधी उसवते, हाताला टोचते, आणि तपासणाऱ्याचा हात त्या टोचण्यासाठीच असतो. लोक लिफ्टमध्ये आरशात भांग सारखे करत वर जातात, आणि त्यांच्या डोक्यावर त्याच्यासारखा कुणीतरी कान लावून उभा असतो. एवढ्या वर्षांत ही सवय कामापुरती राहिली नव्हती. दुकानदारानं सुटे पैसे हसून दिले की तो ते पुन्हा मोजायचा. शेजारी गोड बोलला की त्याला काय हवंय याचा विचार करायचा. हे चांगलं नाही हे त्याला कळत होतं. पण ‘ल’ चा ‘म’ झाला होता, आणि तो बोटाला टोचत होता.

पगाराचा विभाग मुख्य कचेरीच्या तळघरात होता. तिथे एक बाई बसायच्या. सगळे त्यांना पगारवाल्या बाई म्हणत, आणि त्यांच्याकडे कुणी आनंदानं जात नसे. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, कागद बघितला आणि एकदम खूश झाल्या. बहुधा दिवसभरात पहिल्यांदाच कुणी भांडायला न येता समजून घ्यायला आलं होतं.

“हा आकडा आहे ना, ह्याच्यापुढे एक शून्य लावा,” त्या पेन्सिलीनं दाखवत म्हणाल्या. “वर्षाला एवढ्या कमाईवर तुम्हाला कर नाही. त्याच्या वर जे मिळेल त्यावरच आम्ही कापायचं. आता अक्षर. अक्षर म्हणजे तुम्ही कुठल्या खणात बसता ते. ‘ल’ म्हणजे साधा माणूस. भानगड नसलेला.”

“आणि ‘म’?”

“‘म’ म्हणजे लाडका नवरा!” त्या हसल्या. “तुमच्या मिसेसनी त्यांच्या सवलतीतला थोडा भाग तुमच्या नावावर केलाय. म्हणून आकडा वाढला, म्हणून कर कमी. चूकबीक काही नाही. मजा करा.”

“मी असला काही अर्ज केलेला नाही.”

“तुम्ही करूच शकत नाही. जो देतो त्यानंच करायचा असतो. कसं असतं, ज्यांची स्वतःचीच कमाई त्या हद्दीच्या आत असते ना, त्यांची सवलत पूर्ण वापरलीच जात नाही. वाया कशाला घालवायची? म्हणून मग जोडीदाराला...”

“माझी बायको पूर्णवेळ नोकरी करते,” तो म्हणाला.

पेन्सिल थांबली. बाईंनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग कागदाकडे, मग कागद उलटा करून त्याच्या कोऱ्या पाठीकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कसं विझलं ते त्याला स्पष्ट दिसलं. “मग अर्जात काहीतरी गडबड असेल,” त्या म्हणाल्या. नंतर, जरा खालच्या आवाजात, “घरी विचारा एकदा. मला ह्यातलं काही माहीत नाही हं.” आणि त्यांनी चष्मा परत कपाळावर चढवला.

तळघरातून वर येताना तो लिफ्टनं आला नाही. जिना चढत चढत त्यानं सगळं ओळीनं लावून बघितलं. बायको रोज सकाळी त्याच्याबरोबर घरातून निघते. डबा घेते. कोपऱ्यावर तो डावीकडे वळतो, ती सरळ जाते. संध्याकाळी परत येते. इस्पितळाच्या टेलिफोनवर ती लग्नाच्या आधीपासून आहे. घरखर्चाच्या खात्यात तिचा वाटा दर महिन्याला पूर्वीसारखाच जमा होतो. मग कमाई हद्दीच्या आत आली कशी? आणि आली असेल तर तो वाटा कुठून येतो? या दुसऱ्या प्रश्नापाशी आल्यावर त्याला जिन्याच्या कठड्याचा थंडपणा तळहातात एकदम जाणवला. वर सूर्यप्रकाश होता, लोक जेवायला बाहेर पडत होते, कुणीतरी कुणाला तरी दुरून हाक मारत होतं, आणि सगळं अगदी नेहमीसारखं चालू होतं. चालतेय म्हणून ठीक आहे असं मानायचं नाही.

तिची आणि त्याची ओळखच मुळी आवाजानं झाली होती. लिफ्टमध्ये अडकलं तर बाहेर कळवायला आत एक फोन असतो. तो चालू आहे की नाही हे दर तपासणीला बघावं लागतं. इस्पितळातल्या लिफ्टचा तो फोन टेलिफोनच्या खोलीत वाजायचा. पहिल्यांदा त्यानं उचलला तेव्हा पलीकडून एक शांत, जराही घाई नसलेला आवाज म्हणाला होता, “बोला, कुठे अडकलात?” तो म्हणाला, “अडकलो नाही, तपासतोय.” “मग तपासून झालं की ठेवा. अडकलेल्यांना लाइन लागते.” पुढच्या तपासणीची तारीख त्यानं मुद्दाम अलीकडे ओढून घेतली होती. पुढे पुढे तर फोन नीट वाजत असूनही तो वहीत शेरा लिहायचा : आवाज अस्पष्ट, पुन्हा तपासावा. वायरनं हे सगळं लग्नात माईकवरून सांगितलं होतं. तिच्या त्या आवाजावर तो अजूनही विसंबून होता. ती काय बोलते याच्या आधी कशी बोलते हे त्याला ऐकू यायचं. मोटरसारखंच, बेअरिंग झिजलं की आधी सूर बदलतो.

आता त्या संध्याकाळी, जेवायला बसल्यावर, तो सूर शोधत होता.

“आज फोन खूप होते का?” त्यानं विचारलं.

तिनं वर बघितलं. हल्ली ती तशीच बघायची. डोळ्यांत नाही, डोळ्यांच्या जरा खाली, त्याच्या तोंडाकडे. टक लावून. जणू शब्द बाहेर पडायच्या आधीच तिला ते दाताखाली पकडायचे होते.

“नेहमीसारखे,” ती म्हणाली.

खोटं. एवढं सोपं, गुळगुळीत खोटं. विशेष म्हणजे सूर बदलला नव्हता. थोडासा सपाट झाला होता एवढंच, पण तो कधीपासून सपाट झाला होता हे त्याला सांगता येईना, आणि हीच गोष्ट त्याला सगळ्यात भयंकर वाटली. आणि तो स्वतःला तयार कानाचा म्हणवत होता.

मग एकेक गोष्ट पुढे यायला लागली, जशा फळी उचलल्यावर खालून मुंग्या येतात. जेवायच्या टेबलाची जागा तिनं मध्यंतरी बदलली होती. “इथे मोकळं वाटतं,” असं कारण दिलं होतं. आता त्याच्या लक्षात आलं की नव्या जागेत दिव्याचा सगळा उजेड त्याच्या तोंडावर पडतो आणि तिचा चेहरा सावलीत राहतो. चौकशीच्या खोलीत बसवतात तसं. ती फोनवर बोलणं टाळायची. बहिणीचा फोन आला की वाजू द्यायची आणि नंतर मेसेज करायची, आणि फोन पालथा ठेवायची. पूर्वी रेडिओ लावून कामं करायची. रेडिओ कपाटावर गेला होता, त्यावर धूळ होती. तिच्या पर्समध्ये एक छोटा आरसा आला होता. तिला आरशाचं वेड कधीच नव्हतं, भांग पाडताना सुद्धा ती खिडकीबाहेर बघायची. आणि एकदा, न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं असताना, त्यानं तिला आरशासमोर बघितलं होतं. ओठ हलवत होती. आवाज न करता, हळूहळू, कुणाला तरी काहीतरी सांगत होती, मग थांबून स्वतःशीच हसली होती. तेव्हा त्याला ते गोड वाटलं होतं. आता तो प्रसंग पुन्हा आठवताना त्याला त्या हसण्याच्या पलीकडे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी एका शाळेच्या इमारतीत ब्रेक तपासताना त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. वायरनं दोनदा हाक मारली. शेवटी तो गच्चीवर गेला आणि इस्पितळाचा नंबर लावला. स्वतःच्या बायकोच्या ऑफिसात फोन करताना त्यानं आजूबाजूला कुणी नाही ना ते बघून घेतलं. पलीकडे एक तरुण, चुणचुणीत आवाज आला. त्यानं बायकोबद्दल विचारलं.

“त्या आता टेलिफोनवर नसतात.”

“मग कुठे असतात?”

“आपण कोण बोलताय?”

मी तिचा नवरा, असं त्याला म्हणता येईना. नवरा असून विचारतोय, हे त्या आवाजाला काय वाटेल? “एक ओळखीचा,” तो म्हणाला, आणि फोन ठेवला. ओळखीचा. खालच्या मैदानात मुलं ओरडत होती. संशयाचं एक बरं असतं, त्यानं विचार केला. तो माणसाला कधी एकटं सोडत नाही. चालताना, जेवताना, दाढी करताना तो बरोबर असतो, दर क्षणाला नवं काहीतरी आणून दाखवतो. आणि त्याला जाणवलं, शरमेनं जाणवलं, की गेल्या कित्येक महिन्यांत बायकोकडे त्यानं इतकं लक्ष देऊन बघितलंच नव्हतं. तिच्या मानेवरचा तीळ, चप्पल घालताना भिंतीला टेकवलेला हात, दारात क्षणभर थांबून किल्ल्या चाचपणं. एखादा माणूस घरातून निघून जाणार असेल तर तो असाच दिसतो का? की माणूस नेहमी असाच दिसतो आणि आपणच बघत नाही?

सरळ विचारायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पगाराचा कागद टेबलावर ठेवायचा आणि अक्षरावर बोट ठेवायचं. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी असताना तो दारात आला आणि म्हणाला, “तू मला काही सांगणार आहेस का?” ती भांडं विसळत राहिली. खांदा हलला नाही, हात थांबला नाही. तो तिथेच उभा राहिला. इतका स्वच्छ, इतका थंड नकार त्याला आजवर कुणी दिला नव्हता. तो आणखी एक पाऊल पुढे गेला तेव्हा ती दचकून वळली आणि किंचाळलीच, “अरे, किती घाबरवलंस! कधी आलास?” हे तिचं दचकणंही त्यानं मनात टिपून ठेवलं. मन साफ असलेली माणसं घरच्या माणसाला अशी दचकत नाहीत.

मग त्यानं ते केलं. वायरला दातांचं काहीतरी सांगून दुपारची सुट्टी घेतली आणि इस्पितळाच्या मागच्या फाटकासमोर, औषधाच्या दुकानाच्या सावलीत, बाटल्यांवरची नावं वाचल्याचं सोंग करत उभा राहिला. आपल्या बायकोवर पाळत ठेवणारा माणूस कसा दिसतो हे त्याला दुकानाच्या काचेत दिसत होतं. सामान्य दिसतो. ती आली. पुढच्या फाटकातून नाही, मागच्याच. धुलाईच्या गाड्या जिथून जातात तिथून. बरोबर कुणी नव्हतं. तिनं आरसा काढून एकदा चेहरा बघितला आणि चालायला लागली.

तो अंतर ठेवून मागे निघाला. ती रस्ता ओलांडताना विलक्षण सावध होती. दोन्हीकडे बघायची, पुन्हा बघायची, मग धावल्यासारखी पलीकडे जायची. कुणी बघत नाही ना याची खात्री करतेय, असा अर्थ त्यानं लावला. एक सायकलवाला घंटी वाजवत तिच्या अगदी अंगावर आला, तिनं बाजूला होण्याची तसदी घेतली नाही, आणि तो शिव्या घालत वळसा घेऊन गेला. एवढी कसल्या विचारात? छापखान्याच्या गल्लीतून ती एका जुन्या वाचनालयाच्या इमारतीत शिरली. तो थोडं थांबला, मग जिना चढला. वरच्या मजल्यावर एक लांब बोळ होता, फिनाइलचा वास होता, आणि शेवटच्या दाराला वर काच होती.

काचेतून त्याला ती दिसली. खिडकीपाशी बसली होती. समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, एक पुरुष होता. निळा शर्ट, कानामागे पिकलेले केस. तो पुढे झुकून तिला काहीतरी सांगत होता, अगदी सावकाश, आणि ती त्याच्या ओठांकडे बघत होती. जशी घरी बघायची तशी, पण इथे त्या बघण्यात परीक्षा नव्हती, भूक होती. तिचे स्वतःचेही ओठ किंचित हलत होते, त्याच्या ओठांच्या मागे मागे. मग तिनं काहीतरी उत्तर दिलं, तो मान हलवून हसला, आणि तीही हसली. न्हाणीघरातलं तेच हसू.

छातीत कुणीतरी दोर सोडून द्यावा तसं झालं. लिफ्ट पडताना माणसाला आधी हलकं वाटतं, असं म्हणतात; त्याला खरंच क्षणभर हलकं वाटलं. झालं. कळलं. आता शोधायला काही उरलं नाही. आणि त्यानंतर लगेच त्याला दुसरीच एक भीती वाटली. कारण काचेपलीकडे तो पुरुष बोलत होता आणि त्याला काही ऐकू येत नव्हतं. दार पातळ होतं, वरची झडप उघडी होती, आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला होता, पण माणसाचा आवाज नाही. त्यानं मान वाकडी करून खोलीच्या दुसऱ्या बाजूला बघितलं. तिथेही माणसं होती. दोघं दोघं, समोरासमोर, एक म्हातारं जोडपं, एक गलेलठ्ठ गृहस्थ आणि त्याची मुलगी, शाळेतल्या बाईंसारख्या दिसणाऱ्या दोघी. सगळ्यांचे ओठ हलत होते. कुठूनही आवाज येत नव्हता.

“नवीन का?”

तो इतका दचकला की काचेला कपाळ लागलं. मागे एक ठेंगणे वृद्ध गृहस्थ चहाचे पेले असलेला ट्रे घेऊन उभे होते. त्यांचा आवाज जाड, जरा बेताल होता, आणि ते थेट त्याच्या तोंडाकडे बघत होते.

“मी... सहज,” तो तोंडावर हात ठेवून म्हणाला.

“हात काढा तोंडावरून, मग कळेल.” त्यानं हात खाली घेतला. “हां. कुणाचं ऐकू कमी झालंय? तुमचं की घरात कुणाचं?”

त्यानं पुन्हा काचेतून आत बघितलं. गृहस्थांनी ट्रे खिडकीत ठेवला. रोज येणाऱ्या बावळट माणसांची सवय असल्यासारखे ते समजावून सांगायला लागले. “ओठ वाचायला शिकवतो आम्ही. सोपं नसतं. आता बघा, मी आवाज न काढता म्हटलं की माझे बाबा आले, किंवा माझे मामा आले, ओठांवर दोन्ही एकच. काही फरक नाही. प, ब, भ, म, सगळी एका आईची लेकरं. मग कसं ओळखायचं? पुढच्या मागच्या वाक्यावरून. आणि चेहऱ्यावरून. मामा आल्यावर माणूस हसतो.” ते स्वतःच हसले. “शब्द अर्धे दिसतात, अर्धे आपण घालतो. त्यातच माणूस फसतो.”

“ती खिडकीपाशी बसलेली बाई,” तो म्हणाला. “ती कधीपासून येते?”

गृहस्थांनी त्याच्याकडे नीट बघितलं. चेहऱ्यावरून ओळखायचं, तसं. “ते तिला विचारा,” ते म्हणाले आणि ट्रे उचलून आत गेले.

दार उघडलं आणि बंद झालं. तेवढ्यात तिची नजर वर आली.

खाली रस्त्यावर ती दोघं चालायला लागली. तो डाव्या बाजूला होता. काही पावलांनी तिनं त्याचा दंड धरून त्याला उजवीकडे घेतलं. “डावा कान गेलाय,” ती म्हणाली. “उजव्यात थोडं आहे. तेही कमी होणार म्हणालेत.” वाचनालयाच्या पुढे एक बंद पडलेलं कारंजं होतं, त्याच्या कट्ट्यावर ती बसली आणि त्याला समोर उभं केलं, उन्हाकडे तोंड करून.

“टेलिफोनवर एक फोन आला होता,” ती म्हणाली. “मुलगा होता कुणाचा तरी, लांबून बोलत होता. आई कशी आहे विचारत होता. मी वॉर्ड चुकीचा ऐकला. तिथल्या नर्सनं त्याला सांगितलं, बऱ्या आहेत, जेवल्या, उद्या घरी सोडतील. ती दुसरीच बाई होती. त्याची आई दुपारी गेली होती.” तिनं कट्ट्यावरची वाळकी पानं बाजूला सारली. “कुणी मला काही बोललं नाही. मीच म्हटलं, मला फोनवरून काढा. धुलाईच्या कोठारात अर्धवेळ काम होतं, तिथे बसते. चादरी मोजते. चादरी बोलत नाहीत.”

“आणि घरखर्चाचे पैसे?”

“माझ्या ठेवीतले. तुला आधी तेच सुचलं?”

तो तिच्या शेजारी बसायला गेला, मग आठवून परत समोर उभा राहिला.

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? मला तपासलं असतंस. रोज. मागून हळूच हाक मारून बघितली असतीस, ऐकू येतंय का. तारीख घालून लिहून ठेवलं असतंस. मला थोडे दिवस अशी बायको राहायचं होतं जिच्यात काही बिघडलेलं नाही.” तिचा आवाज मध्येच मोठा झाला, तिला ते कळलं नाही, पलीकडच्या बाकावरच्या माणसानं मान वळवली. “पण तू इथे आलास कसा?”

त्यानं पगाराचा कागद काढला आणि अक्षर दाखवलं. ती बघत राहिली. मग कपाळावर हात मारून तिनं डोळे मिटले. “आमच्या कचेरीतल्या बाई म्हणाल्या, सवलत वाया चाललीय, नवऱ्याला देऊन टाका, एक सही करा. मला वाटलं, तेवढीच तुला थोडी... म्हटलं ह्याला कुठे कळणार आहे. कोण वाचतं तो कोड?” आणि ती हसायला लागली. “तू वाचतोस. जगात एकटा तूच वाचतोस.”

त्यालाही हसू आलं, पण ते पूर्ण आलं नाही. अर्ध्यावर अडकलं. कारण ती आता हसत नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्याला जाणवलं की आजवर तो आपल्या आवाजामागे किती लपून राहत आला होता. सूर थोडा मऊ करायचा, एखादा शब्द पुटपुटायचा, आणि खाली जे असेल ते झाकून टाकायचं. आता हिच्यासमोर आवाज नव्हताच. नुसता चेहरा होता.

“तुला काय सापडेल असं वाटलं होतं?” तिनं विचारलं.

“काही नाही. काळजी वाटली म्हणून...”

“नीट बोल. कळलं नाही.”

त्यानं ते पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. तिनं मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

घरी आल्यावर तिनं चहा टाकला. संध्याकाळचा उजेड अजून खिडकीत होता. तो टेबलापाशी, त्याच्या नेहमीच्या जागेवर बसला, आणि ती समोर येऊन बसली. निळ्या शर्टातल्या सरांनी घरी सराव करायला सांगितलंय, ती म्हणाली. आतापर्यंत आरशाबरोबर करत होते, पण स्वतःचे ओठ वाचण्यात काय अर्थ आहे, आपण काय म्हणणार ते आपल्याला आधीच माहीत असतं. “एखादं वाक्य बोल. आवाज न काढता. मला अपेक्षित नसलेलं. सोपं नको.”

त्यानं आधी हवापाण्याचं काहीतरी म्हटलं. तिनं लगेच ओळखलं आणि हात झटकला. मग वायरचं काहीतरी. तेही ओळखलं. मग तो थांबला. आवाज न काढता बोलायचं म्हणजे खोल पाण्यात उतरल्यासारखं होतं. घशापर्यंत सगळं येत होतं आणि बाहेर नुसता आकार पडत होता. इथे काहीही म्हणता येईल, त्याला वाटलं. तिला अजून तेवढं जमत नाही. अर्धे शब्द निसटतील, उरलेल्यांचं ती काहीतरी करून घेईल, आणि आपलं सांगून झालेलं असेल. त्यानं ओठ ओले केले आणि म्हटलं : मला वाटलं, तुझं दुसऱ्या कुणाशी तरी आहे.

ती बघत राहिली. चेहऱ्यावर काही हललं नाही.

“पुन्हा,” ती म्हणाली.

त्यानं पुन्हा म्हटलं, शब्द सुटे सुटे करून. मला. वाटलं. तुझं. दुसऱ्या. कुणाशी. तरी. आहे. पहिल्यांदा ते सरपटत निघून गेलं होतं. आता प्रत्येक शब्दाला त्याचा जबडा उघडावा लागत होता, जीभ दिसू द्यावी लागत होती. स्वयंपाकघरात चहा उकळून वर येत होता, ते त्याला ऐकू येत होतं, तिला नव्हतं. उठून गॅस बंद करावा असं त्याला वाटलं, पण तिची नजर त्याच्या ओठांवरून उचलली गेली होती. पहिल्यांदाच ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होती, आणि डोळ्यांत बघताना ओठ वाचता येत नाहीत. तिला वाचायचं नव्हतंच. तिला पहिल्याच वेळी कळलं होतं.

“पुन्हा,” ती म्हणाली.